चेन आडनांवाची हकीकत

अशी कल्पना करा कीं, एखाद्या आगबोटीवर भोजनाच्या मेजाभोंवतीं पांच अनोळखी प्रवासी बसलेले आहेत. एक तैपेहून आलेला, दुसरा हाँगकाँगचा, तिसरा सिंगापूरचा, चौथा हानोईचा, आणि पांचव्याचे पूर्वज दक्षिण चीनमधून निघून कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेले. परस्परांची ओळख करून देतांना पहिला आपलें आडनांव ‘चेन’ म्हणून सांगतो, दुसरा ‘चॅन’, तिसरा ‘तान’, चौथा ‘त्रान’ आणि पांचवा ‘चिन’. आपल्यासारख्या ऐकणाराला हीं पांच निराळीं कुळें वाटतील. पण त्यांपैकीं एकानें खिशांतून लेखणी काढून आपलें आडनांव चिनी लिपींत लिहिलें, तर त्याच एका अक्षरावर बाकीच्या चौघांचेंहि आडनांव उभें आहे असें दिसून येईल. हानोईच्या गृहस्थाला, त्याच्या देशांत आतां रोमन लिपी चालत असल्यामुळें, तें कदाचित् वाचतांहि येणार नाहीं. परंतु त्याच्या पूर्वजांनीं शेंकडों वर्षें आपलें नांव त्याच अक्षरानें लिहिलें होतें.

या एका अक्षराची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. परक्या देशांतील एका आडनांवाची चौकशी करण्यांत आपणांस काय स्वारस्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, आडनांव दिसावयास लहान असलें तरी त्याच्या आधारानें माणसें लग्नें जुळवितात आणि मोडतात, परमुलुखांत आसरा मागतात, राज्यें मिळवितात, आणि प्रसंगीं जीव वांचविण्यासाठीं तें टाकूनहि देतात. हें सर्व एकाच ठिकाणीं पहावयाचें असेल तर ‘चेन’सारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

प्रथम त्या अक्षराकडेच पाहूं. उत्तर चीनच्या प्रमाण बोलींत त्याचा उच्चार ‘छन्’च्या जवळपास होतो, पण रोमन लिपीच्या द्वारें आलेलें ‘चेन’ हें रूप आपल्याकडे रूढ झालें असल्यामुळें मीहि तेंच वापरतों. शब्द म्हणून त्याचा अर्थ ‘मांडणें’ किंवा ‘जुनें, मुरलेलें’ असा आहे. अक्षराचे भाग दोन. डावा भाग मातीच्या उंचवट्याचा वाचक आहे व उजवा पूर्व दिशेचा. परंतु या डाव्या भागाचा आकार ‘कान’ या अर्थाच्या अक्षरासारखा दिसतो. चिनी भाषेंत एकाच उच्चाराचीं अक्षरें पुष्कळ असल्यामुळें नांव सांगितल्यावर तें कसें लिहावयाचें हेंहि सांगावें लागतें, आणि म्हणून या कुळांतला मनुष्य ‘कान आणि पूर्व यांचा चेन’ असा आपला खुलासा करतो.

आतां या आडनांवाचा पसारा किती तें पहा. चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या २०१८ च्या नोंदींप्रमाणें त्या देशांत वांग, ली, चांग, ल्यू आणि चेन हीं पांच आडनांवें सर्वांत मोठीं ठरलीं. वांग व ली यांची संख्या प्रत्येकीं १० कोटींच्या वर गेली होती, आणि पांचव्या क्रमांकाच्या चेनांची ६ कोटींच्या वर. चीनमधील दर दहा माणसांपैकीं तीन या पांच आडनांवांत येतात. परंतु बेरजेपेक्षां त्या संख्येची वांटणी अधिक बोलकी आहे. उत्तरेच्या मैदानांत वांग व ली भरपूर. जसजसें दक्षिणेस समुद्राकडे जावें तसतसे चेन वाढत जातात. ग्वांगदोंग प्रांतांत हेंच आडनांव सर्वांत मोठें. तैवानांत शंभरांतले सुमारें ११ लोक चेन, आणि तेथें त्याचा क्रमांक पहिला. हाँगकाँगांत चॅन या रूपानें व सिंगापूरच्या चिनी लोकांत तान या रूपानें तेंच अग्रभागीं आहे. व्हिएतनाममध्यें त्रान हें न्विएनच्या खालोखाल दुसरें. आणि मौज अशी कीं, या आडनांवाचा जन्म मात्र समुद्रापासून दूर, उत्तर चीनच्या सपाट मुलुखांत झाला. उत्तरेंत जन्मलेलें नांव दक्षिणेंत आणि समुद्रापलीकडे कसें वाढलें, हाच आपल्या हकीकतीचा गाभा आहे.

चिनी परंपरा या कुळाचा आरंभ शुन नांवाच्या पुराणकालीन राजापाशीं नेऊन ठेवते. शुन हा पौराणिक पुरुष. इतिहासाची वाट सुरू होते ती इ. स. पूर्व अकराव्या शतकांत. चौ घराण्याच्या वू राजानें शांग घराण्याचा पाडाव करून सत्ता मिळविली आणि जुन्या राजकुळांच्या वंशजांना जहागिरी वांटल्या. शुनाचा वंशज म्हणून मानल्या गेलेल्या ग्वे मान या पुरुषाला त्यानें आपली मुलगी दिली व चेन हा मुलूख दिला. आजच्या हेनान प्रांतांतील ह्वाययांग हें त्या राज्याच्या राजधानीचें ठिकाण. हा ग्वे मान पुढें ‘चेनचा हू’ या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि जगांतले बहुतेक चेन त्यालाच आपला मूळ पुरुष मानतात.

येथें एक बारीक भेद लक्षांत घेतला पाहिजे. त्या काळीं चीनमध्यें नांवें दोन प्रकारचीं होतीं. एक ‘शिंग’, म्हणजे रक्ताच्या नात्याचें, जवळजवळ आपल्या गोत्रासारखें कुलनाम. आणि दुसरें ‘शी’, म्हणजे मुलूख, हुद्दा किंवा शाखा यांवरून पडलेलें नांव. सर्वांत जुन्या शिंग-नामांपैकीं पुष्कळांच्या अक्षरांत ‘स्त्री’ हें चिन्ह आढळतें. पुरुष शी लावीत, स्त्रियांची ओळख शिंग-नामानें होई. कारण लग्न ठरवितांना शिंग एक नाहीं ना, हें पहावें लागे. तेव्हां ग्वे हें त्या राजकुळाचें शिंग, आणि चेन हें केवळ राज्याचें नांव. छिन व हान घराण्यांच्या काळापर्यंत हे दोन प्रकार मिसळून एक झाले आणि मुलुखाचें नांवच आडनांव होऊन बसलें.

राज्य असेपर्यंत त्या नांवाचें कोणाला फारसें कौतुक नव्हतें. चेन हें छू या बलाढ्य शेजाऱ्याच्या दडपणाखालीं जगणारें एक दुबळें राज्य होतें. कन्फ्यूशिअस आपल्या शिष्यांसह भटकत असतां चेन व त्साय या दोन राज्यांच्या दरम्यान अन्नावांचून अडकून पडला, ही कथा चिनी मुलांना शाळेंतच कळते. इ. स. पूर्व ४७८ च्या सुमारास छूनें तें राज्य गिळलें. राज्य गेलें आणि प्रजेजवळ व राजवंशाजवळ उरलें तें त्याचें नांव. चिनी आडनांवांपैकीं कितीतरी अशींच बुडालेल्या राज्यांचीं स्मारकें आहेत.

पण या कुळाची एक शाखा त्यापूर्वींच बाहेर पडली होती, आणि तिची कथा मोठी रोचक आहे. इ. स. पूर्व ६७२ मध्यें राजवाड्यांतील रक्तपाताला भिऊन वान नांवाचा राजपुत्र पूर्वेकडील छी राज्यांत पळाला. तेथील राजानें त्याला उच्च पद देऊं केलें. निर्वासितानें एवढ्या मानाची अपेक्षा धरूं नये असें म्हणून त्यानें तें नाकारलें, व कारागिरांवरील देखरेखीचें साधें काम पत्करलें. त्याचे वंशज ‘त्येन’ हें नांव लावूं लागले. प्राचीन उच्चारांत चेन व त्येन हे शब्द परस्परांच्या अगदीं जवळचे होते. या त्येन मंडळींनीं लोकांस धान्य उसनें देतांना मोठें माप वापरावें आणि परत घेतांना लहान माप वापरावें, अशी पद्धत ठेवली. राजा कर वाढवीत होता, आणि त्येनांच्या घरून मापामागें मूठभर जास्त मिळत होतें. परिणाम काय व्हावयाचा तो झाला. लोक त्यांच्याकडे पाण्यासारखे वाहत गेले. इ. स. पूर्व ४८१ मध्यें त्येन कुळांतील पुढाऱ्यानें राजाला ठार केलें, आणि ३८६ मध्यें त्याच कुळाला छीचे राजे म्हणून रीतसर मान्यता मिळाली. आश्रितानें यजमानाचें घर घेतलें. इ. स. पूर्व २२१ मध्यें छिन सम्राटानें हें राज्यहि जिंकून चीन एकछत्री केला, तोंवर या कुळाची सत्ता टिकली होती.

त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनीं याच नांवाचा एक अगदीं निराळ्या थरांतला मनुष्य पुढें आला. चेन शंग हा शेतमजूर. सरहद्दीवर सक्तीच्या नोकरीस नेल्या जाणाऱ्या तुकडीसह तो पावसानें अडकला. कायद्याप्रमाणें उशिराची शिक्षा मृत्यु, आणि बंडाची शिक्षाहि मृत्यु. मग बंड कां करूं नये, असा त्यानें विचार केला. इ. स. पूर्व २०९ चें तें बंड सहा महिन्यांत मोडलें, परंतु छिन साम्राज्याला त्यानें जी भेग पाडली ती बुजली नाहीं. चेन शंगनें आपली राजधानी केली तें ठिकाण कोणतें? तेंच जुनें चेन. तो राजवंशांतला होता असा कसलाहि पुरावा नाहीं. एकच नांव राजपुत्रालाहि आणि मजुरालाहि, हा प्रकार येथूनच सुरू होतो.

प्रतिष्ठा मिळविली ती मात्र एका तिसऱ्याच माणसानें. हान घराण्याच्या उत्तरकाळांत यिंगच्वान प्रांतीं चेन शी नांवाचा एक न्यायी अधिकारी होऊन गेला. एका रात्रीं त्याच्या घरांत चोर शिरून तुळईवर दबा धरून बसला. चेन शीनें त्याला पाहिलें. पण आरडाओरड न करतां मुलांनातवंडांना उठवून समोर बसविलें आणि उपदेश सुरू केला, कीं वाईट माणसें जन्मतः वाईट नसतात, संवयीनें तशीं होतात, आणि याचें उदाहरण म्हणजे तुळईवर बसलेले ते सद्गृहस्थ! चोर खालीं उतरून पायां पडला. चेन शीनें त्याला रेशमाचे दोन ठाण देऊन घरीं पाठविलें. चिनी भाषेंत ‘तुळईवरचे सद्गृहस्थ’ हा चोराला पर्याय शब्द झाला तो या प्रसंगापासून. आणि चेनांच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तेव्हांपासून यिंगच्वान हें त्यांचें मानाचें मूळस्थान झालें. आजहि तैवान, मलाया व सिंगापूर येथील चेन घराण्यांच्या दारांवर आणि थडग्यांवर ‘यिंगच्वान’ हीं अक्षरें आढळतात. ज्यांच्या वीस-वीस पिढ्यांनीं तो प्रांत डोळ्यांनीं पाहिला नाहीं, तेहि तो विसरले नाहींत.

चौथ्या शतकाच्या आरंभीं उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनीं चीनची राजधानी लुटली आणि हजारों कुटुंबें यांग्त्सी नदी ओलांडून दक्षिणेस गेलीं. चेन आडनांव दक्षिणेंत रुजलें तें अशा लोंढ्यांबरोबर. सन ५५७ मध्यें चेन बाश्यान नांवाचा सामान्य घराण्यांतला सेनापति नानकिंग येथें सम्राट् झाला आणि त्यानें आपल्या घराण्यालाहि चेन हेंच नांव दिलें. राजघराण्याचें नांव आणि सम्राटाचें आडनांव एकच, असा प्रकार चीनच्या इतिहासांत हा एवढाच. तें राज्य ५८९ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षें चाललें. त्यानंतर शंभर वर्षांनीं, थांग घराण्याच्या काळांत, चेन युआनग्वांग या सरदारानें फूजियानच्या दक्षिण किनाऱ्यावर चांगचौ हें ठाणें वसविलें. तेथील लोक त्याला ‘चांगचौ उघडणारा पवित्र राजा’ म्हणून पूजूं लागले, आणि त्याच किनाऱ्यावरून पुढें लाखों लोक समुद्रापार गेल्यामुळें त्याचीं देवळें तैवान व सिंगापूरपर्यंत पोहोंचलीं.

चिनी समाजांत आडनांवाला जें पावित्र्य होतें, त्याची कल्पना एका घराच्या कथेवरून येईल. च्यांगशी प्रांतांत थांग काळापासून सुंग काळापर्यंत चेनांचें एक कुटुंब अविभक्त राहिलें. वांटणी नाहीं, चूल एक, नियम एक. राजदरबारीं त्याची कीर्ति होऊन करमाफी मिळाली. त्या घरीं शंभरावर कुत्रे एकाच द्रोणींत जेवत आणि एकहि आला नसला तर बाकीचे तोंड लावीत नसत, असें सरकारी इतिहासकारानें नमूद केलें आहे! अकराव्या शतकांत हें कुटुंब साडेतीन हजारांच्या वर गेलें, आणि बादशहाच्या आज्ञेनें तें फोडून निरनिराळ्या प्रांतांत वसविण्यांत आलें, असें वंशावळ्या सांगतात. आज दक्षिणेंतील असंख्य चेन आपली परंपरा त्या एका चुलीपर्यंत नेऊन भिडवितात.

कुळाचा हा अभिमान लग्नाच्या बाबतींत किती कठोर होता तेंहि सांगितलें पाहिजे. सन ६५३ च्या थांग कायद्याप्रमाणें एकाच कुळांतील, एकाच आडनांवाच्या वधूवरांना प्रत्येकीं दोन वर्षें सक्तमजुरीची शिक्षा होती. पुढें तर नातें असो वा नसो, आडनांव एक असलें म्हणजे पुरे, अशी लोकरूढि झाली. जेथें सारें गांवच चेनांचें तेथें तरुणांनीं काय करावें? विसाव्या शतकांत कायद्यानें ही बंदी जवळच्या नात्यांपुरतीच मर्यादित केली. आपल्याकडे सगोत्र विवाहाला कायद्याची मान्यता १९४६ सालीं मिळाली, हें स्मरणांत असणाऱ्यांना या प्रश्नाचें गांभीर्य निराळें सांगावयास नको.

आणि या व्यवस्थेंत स्त्रियांचें काय झालें? चिनी स्त्री लग्नानंतर आपलें माहेरचें आडनांव सोडीत नाहीं, हें ऐकून आपल्या भगिनींना हेवा वाटण्याचा संभव आहे. परंतु जुन्या वंशावळ्या उघडून पाहिल्या तर तो हेवा फार वेळ टिकणार नाहीं. सासरच्या वंशावळींत तिची नोंद केवळ ‘चेन शी’, म्हणजे ‘चेनांकडली’, एवढीच. आईबापांनीं ठेवलेलें तिचें स्वतःचें नांव कोठेंच नाहीं. माहेरच्या वंशावळींत तर बहुधा मुलींची नोंदच करीत नसत. तीन हजार वर्षांचें आडनांव टिकलें, आणि तें ज्यांच्या उदरीं वाढलें त्यांचीं नांवें मात्र गेलीं.

आतां आपण चीनच्या बाहेर जाऊं. फूजियानहून व्हिएतनामांत गेलेल्या व कोळ्याचा धंदा करणाऱ्या एका कुटुंबाची भरभराट होत होत, १२२५ च्या अखेरीस त्यांतील त्रान कान्ह हा सात-आठ वर्षांचा मुलगा तेवढ्याच वयाच्या राणीशीं लग्न लावून सिंहासनावर बसला. सत्ता अर्थात् वडीलधाऱ्यांची. राणीचें घराणें ली; तें नामशेष करण्यासाठीं १२३२ मध्यें त्रानांनीं असा हुकूम काढला कीं, आमच्या एका पूर्वजाचें नांव ‘ली’ होतें, सबब त्या नांवाचा मान राखण्याकरितां सर्व ली लोकांनीं ‘न्विएन’ हें आडनांव लावावें. कारण वरवरचें, हेतु उघड. याच त्रानांनीं १२५८, १२८५ व १२८८ अशा तीन वेळां मंगोलांच्या स्वाऱ्या परतविल्या, हें त्यांचें मोठें श्रेय. परंतु आपण जसें लग्नाच्या वाटेनें राज्य मिळविलें तसें दुसरा कोणी मिळवील, या भीतीनें ते चुलत घराण्यांतच लग्नें करूं लागले. ज्या आडनांवाखालीं चीनमध्यें एका नांवाचें लग्न अपराध ठरे, त्याच आडनांवाखालीं व्हिएतनाममध्यें तें राजधर्म झालें. आणि एवढ्या काळजीनंतरहि १४०० मध्यें सासरपणाच्या नात्यानें शिरलेल्या हो क्वी ली यानें गादी घेतलीच. गंमत ही कीं, तोहि आपला मूळ पुरुष चेनचा तोच हू असल्याचें सांगत असे!

एकोणिसाव्या शतकांत फूजियान व ग्वांगदोंग येथून गरीब माणसें जहाजें भरभरून मलाया, जावा, सयाम, फिलिपाईन्स आणि अमेरिका यांकडे निघालीं. जो उतरे त्याला बंदरावर ना ओळख ना सरकार. अशा वेळीं ‘तुझें आडनांव काय?’ या प्रश्नाचें उत्तर म्हणजे रात्रीचें अंथरूण, कामाची शिफारस, आजारपणांत औषध आणि मेल्यावर तिरडी. सिंगापुरांत तान मंडळींनीं १८७६ ते १८७८ या काळांत नदीनजीक कुलमंदिर बांधलें, व त्यांत चांगचौच्या त्याच पवित्र राजाची स्थापना केली. ग्वांगचौ शहरांत तर प्रांताच्या ७२ तालुक्यांतील चेनांनीं वर्गणी करून १८९४ सालीं एक भव्य कुलभवन पुरें केलें. परीक्षांकरितां शहरांत येणाऱ्या आपल्या मुलांची सोय व्हावी हा त्याचा हेतु. लांकूड, वीट व चिनी माती यांवरील त्याची कारागिरी अजून पहाणाराला थक्क करते.

या आपुलकीची मर्यादाहि सांगितली पाहिजे. १८५४ सालीं सिंगापुरांत हॉक्क्येन व तेओच्यू या दोन बोलींच्या चिनी लोकांत दंगल पेटून शेंकडों माणसें मेलीं. तान हें आडनांव दोन्ही बाजूंस मुबलक होतें. भूक आणि भाषा यांचा तंटा सुरू झाला म्हणजे पूर्वजांचें स्मरण कोणास रहात नाहीं. उलट, तान का की यांच्यासारखा पुरुष पाहिला म्हणजे वाटतें कीं, कुळाचा अभिमान व्यापक झाला तर त्यांतून केवढें काम होतें! १८७४ सालीं फूजियानमधील एका खेड्यांत जन्मलेल्या या माणसानें सिंगापुरांत रबराच्या धंद्यांत पैसा मिळविला आणि १९२१ सालीं मायदेशीं श्यामेन विद्यापीठ स्थापिलें. तें केवळ तानांकरितां नव्हे, तर सर्वांकरितां. पुढें धंदा बुडूं लागला तरी त्यांनीं विद्यापीठाचा खर्च बंद केला नाहीं. १९३४ सालीं त्यांची कंपनी मिटली. विद्यापीठ आजहि उभें आहे.

परदेशीं गेलेल्या या नांवाचीं रूपें इतकीं झालीं कीं, जाणत्यांचीहि फसगत व्हावी. शिंग-शन चर्न व चेन जिंगरुन हे विसाव्या शतकांतले दोन थोर गणिती. एकाचें नांव भूमितीच्या ‘चर्न वर्गां’मुळें, दुसऱ्याचें मूळसंख्यांवरील सिद्धांतामुळें अमर झालें. एक चर्न, एक चेन. वस्तुतः आडनांव तेंच! रोमन लेखनाच्या एका पद्धतींत दुसरा स्वर दाखविण्यासाठीं ‘र’ घालीत, एवढाच काय तो फरक. याच्या उलट प्रकार आपल्या देशांत पहावयास मिळतो. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनांत १९३७ सालीं चीनभवन उभें करणारे प्राध्यापक तान युन-शान हे पुष्कळांना सिंगापूरच्या तानांचे भाऊबंद वाटतात. परंतु त्यांच्या ‘तान’चें अक्षर अगदीं निराळें, तो वेगळाच वंश. आणि इंडोनेशियाचे क्रांतिकारक तान मलाका यांचा तर चीनशीं संबंधच नाहीं. तो सुमात्रांतील मिनांगकाबाऊ लोकांचा किताब आहे. संस्कृतप्रेमी श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें असें खरें चेन नांव म्हणजे इतिहासकार चेन यिन्के. हार्वर्ड व बर्लिन येथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, बौद्ध ग्रंथांचा कसून अभ्यास केला, आणि उतारवयांत दृष्टि गेल्यावरहि लेखन चालूं ठेवलें.

आडनांव टाकण्याची वेळहि या लोकांवर आली. सयाममध्यें १९१३ च्या कायद्यानें प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र आडनांव घेणें आवश्यक झालें. तेथील चिनी कुटुंबांनीं पुढें लांबलचक थाई नांवें स्वीकारलीं. इंडोनेशियांत १९६५ च्या कत्तलींनंतर वातावरण भयानें भरलें होतें. १९६६ सालीं सरकारनें चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन नांवें घेण्यास प्रोत्साहन देणारा निर्णय काढला. अनेक तानांनीं तानोतो, सुतान्तो, हार्तान्तो अशीं नांवें घेतलीं. नीट ऐकलें तर प्रत्येकाच्या पोटांत ‘तान’ लपलेला आहे. मुलाला शाळेंत त्रास होऊं नये म्हणून बापानें आडनांव बदलावें, आणि तरीहि तें पुरतें पुसलें जाऊं नये म्हणून नव्या नांवांत एक अक्षर जपून ठेवावें, यांतील वेदना सांगण्यास मोठे शब्द लागत नाहींत. २००० सालीं चिनी चालीरीतींवरील जुनी बंदी उठली. पण तोंवर एक पिढी नव्या नांवानेंच वाढली होती.

मग शेवटीं हा प्रश्न उरतो कीं, हे सारे कोट्यवधि चेन खरोखर एका रक्ताचे आहेत काय? उत्तर स्पष्टपणें नाहीं असें आहे. पांचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वेई घराण्याच्या सम्राटानें आपल्या श्यानबेई लोकांना चिनी आडनांवें घ्यावयास लावलीं, तेव्हां ‘हौमोचेन’ हें लांब नांव असलेली टोळी एका दिवसांत ‘चेन’ झाली. जॅकी चॅन या जगप्रसिद्ध नटाच्या वडिलांचें मूळ आडनांव फांग. संकटकाळांत त्यांनीं चेन हें नांव घेतलें. दत्तक, गुलाम, शरणार्थी, आश्रित असे किती जण या छपराखालीं आले असतील याची मोजदाद नाहीं. तरी त्यांना कोणीं परत पाठविलें नाहीं. या नांवाचें खरें बळ शुद्ध रक्तांत नसून, दार ठोठावणाराला आंत घेण्यांत होतें, असें मला वाटतें.

आणि तसें दार आपल्यापैकीं एकालाहि उघडलें होतें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले. पथकांतील पांचहि डॉक्टरांनीं आपल्या चिनी नांवाच्या शेवटीं ‘हुआ’, म्हणजे चीन, हें अक्षर जोडलें होतें. कोटणीसांचें नांव झालें के दिहुआ. ‘के’ हें चेनसारखेंच चीनमधील एक जुनें आडनांव. त्यांनीं क्वो चिंगलान या परिचारिकेशीं लग्न केलें. तिनें आपलें आडनांव तसेंच ठेवलें. मुलाचें नांव ठेवलें यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं कोटणीस तेथेंच वारले. त्यांच्या समाधीवर त्यांचें तें चिनी नांव आहे. तेथील लोक जेव्हां तें वाचतात तेव्हां हें नांव परक्याचें असें त्यांना वाटत नाहीं.

यापुढें वर्तमानपत्रांत एखादा चेन, चॅन किंवा तान भेटला, तर त्या दोन अक्षरांमागें बुडालेलें एक राज्य, धान्याचें एक मोठें माप, तुळईवरचा एक चोर आणि समुद्राकांठीं उतरलेले असंख्य निराधार प्रवासी आहेत, याची आपणांस आठवण व्हावी. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.